कुंभारीच्या विहिरीत कडक भाकरी

मे महिन्यातलं कुंभारी गाव, उन्हं सकाळीच तापलेली, आणि मी मामाच्या विहिरीवर लोकरीचे कपडे घालून उभी. त्यावर नवाकोरा रबरी सूट. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण आनंद पोटात मावत नव्हता. पुढच्या महिन्यात मी नॉर्वेच्या समुद्रात बुडी मारणार होते. आतापर्यंत सगळा खेळ मालवणच्या कोमट पाण्यातला.

या सूटची गंमत अशी की गळ्याशी, मनगटांशी रबर आवळून बसतं आणि आत थेंबभर पाणी शिरत नाही. शिरलंच, तर तिकडच्या गारठ्यात हातपाय आखडलेच म्हणून समजा. म्हणून आधी घरच्या पाण्यात तपासायचा. आईची तर अटच होती, माझ्या डोळ्यांदेखत उतर. पाणी आत आलं तर नॉर्वे विसर.

"पर भिजली ती घामानं का पाण्यानं, कळायचं कसं?" मामानं विचारलं.

आईनं डबा उघडला, कडक भाकरीचे तुकडे फडक्यात बांधले आणि माझ्या दोन्ही बाह्यांत एकेक सारला. "घामानं नुसती मऊ पडंल. पाण्यानं लगदा हुईल."

मी हवेचं नळकांडं पाठीवर घेतलं आणि उतरले. खाली हिरवा अंधार, गारवा, माझेच बुडबुडे. काय सांगू, खुळ्यासारखी हसत होते मी पाण्यात! मग डाव्या हाताला ओल जाणवली आणि हसू गेलं.

वर आले. उजवी भाकरी जराशी मऊ. डावीचा लगदा.

आईनं डब्याचं झाकण लावलं. मामानं बाही मागं सारली. "दोरा हाय की हितं!"

सिद्धेश्वराच्या देवळातला लाल दोरा. मी पहिल्यांदा समुद्रात गेले तेव्हा आईनं मनगटावर बांधलेला. तो काढायची माझी काय बिशाद? त्याच्यावरूनच रबर चढवलं होतं मी, आणि दोऱ्याच्या कडेनं पाण्यानं वाट काढली होती.

आई पुढं झाली. गाठ भिजून घट्ट बसलेली. तिनं ती दातांनी सोडवली. सूट कमरेपर्यंत उतरवायला लावला आणि तोच दोरा माझ्या दंडावर बांधला, ताईत बांधतात तसा. "हितं रबर आवळत न्हाय न्हवं? मग उतर परत." ओली बाही उन्हात वाळली तसा तिनं डब्यातून भाकरीचा नवा तुकडा काढून फडक्यात बांधला आणि आत सारला.

यावेळी मुद्दामच जास्त वेळ खाली राहिले. वर आले तर काठावर आई हात पसरून तयार. डाव्या बाहीतलं फडकं तिनं स्वतः सोडलं. तुकडा मऊ पडला होता, पण अख्खा होता. तिनं तो बोटांनी दाबला, वास घेतला आणि सरळ तोंडात टाकला.

"खारट लागतीया," सावकाश चावत ती म्हणाली. "घामच हाय. जा तू."