सवतीचा इन्व्हर्टर आणि माझे बांगडे

माझ्या सवतीचं नाव मोरिआमो. वयाने माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आणि शहाणपणात माझी आजी. नायजेरियातल्या इबादानच्या या घरात मी थोरली, म्हणून ती मला 'इयाले' म्हणते. रोज सकाळी गुडघे टेकून मला नमस्कार करते, आणि रोज सकाळी माझ्या पोटात दुखतं.

तिचं सगळंच मोजूनमापून. वीज आली की गल्लीतली पोरं "आलीऽऽ!" अशी बोंब ठोकतात आणि जो तो प्लग घेऊन भिंतीकडे धावतो. मोरिआमो चटईवर बसून जपमाळेचे नव्व्याण्णव मणी ओढते. मग स्टॅबिलायझरचा काटा बघते. तो एका जागी ठरला तरच बटण दाबते.

"आल्या आल्या वीज पिसाळलेली असते, इयाले. जरा निवू द्यावी."

"तू निवव. माझे मासे नासतायत तोवर!" मी म्हणायचे. फ्रीजरमधले बांगडे विकण्यावरच माझा धंदा चालतो.

एका रमझानात मी बोंब ऐकली, प्लग खुपसला आणि माझ्या फ्रीजरचा कॉम्प्रेसर जळाला. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

अल्हाजींनी, म्हणजे आमच्या नवऱ्याने, मला कुठलासा जुना कॉम्प्रेसर बसवून दिला आणि तिला मात्र नवाकोरा इन्व्हर्टर आणला. कारण काय, तर ती पेटीत अंडी उबवून पिल्लं काढते आणि एकवीस दिवस ऊब तुटून चालत नाही. मग माझे बांगडे म्हणजे काय दगड होते? मी या घराला चार मुलं दिली. तिला एकही नाही. तरी कौतुक तिचंच.

आणि त्या इन्व्हर्टरचे सोहळे काय सांगू! बॅटऱ्या खिडकीपाशी, वारा लागेल अशा. महिन्याला त्यांचं पाणी तपासायचं. वर साधा पेला ठेवायचा नाही. भिंतीवर खडूने लिहिलेलं, 'पेटी. एक दिवा. एक पंखा. बस.' ते 'बस' माझ्यासाठीच लिहिलंय असं मला वाटायचं, आणि मी जळफळायचे.

मागच्या खेपेला नव्वद अंडी होती. एकोणिसावा दिवस. आदल्या संध्याकाळपासून वीज नव्हती, म्हणून तिने स्वतःचा दिवा आणि पंखाही बंद ठेवला होता. सकाळी ती बहिणीकडे बारशाला निघाली.

"इयाले, पेटीकडे लक्ष असू द्या. तुमच्या भरवशावर जातेय."

"जा गं. अंडी काय पळून जातायत?"

दुपारी माझ्या फ्रीजरमधून पाणी गळायला लागलं. समोरची फळवाली दारातून ओरडली, "सिफावू, तुझ्या सवतीची अंडी उबेला आणि तुझे मासे उन्हाला?" माझं डोकंच फिरलं. लांब वायर काढली, तिच्या खिडकीतून आत घातली आणि फ्रीजर तिच्या इन्व्हर्टरला जोडला. इन्व्हर्टर कुंईकुंई करायला लागला. शेजारपाजार ऐकेल म्हणून मी त्यावर माझं लुगडं टाकलं. तो आणखी तापला, किंचाळला आणि मग गप्प झाला. मी वायर ओढली, बटणं दाबून पाहिली. काही चालू होईना. पेटीला हात लावला तर ती गार पडत चाललेली.

तासाभराने मोरिआमो आली. लुगडं माझं, खिडकीत वायर माझी. तिने दोन्हींकडे पाहिलं.

"पाणी तापवा, इयाले. बाटल्या आणा," एवढंच म्हणाली.

अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी कढत पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवत होतो. ती प्रत्येक अंडं कानाशी धरायची. माझ्याही कानाशी एक धरलं. आत टकटक होत होती. मला तोंड वर करवेना.

दोन दिवसांनी नव्वदांतून एकतीसच पिल्लं निघाली.

त्या दिवशी अंधार पडता पडता अल्हाजी आले, जळका वास आला तसे कडाडले, "या इन्व्हर्टरवर काय लावलं होतं? कोणी?"

मी हातात बाटली घेऊन उभी होते.

मोरिआमोने गुडघे टेकले. "मीच लावली इस्त्री. बारशाला जायची घाई होती."

नव्व्याण्णव मणी ओढणाऱ्या बाईवर 'अक्कल नाही' म्हणून ते ओरडत राहिले आणि ती मान खाली घालून ऐकत राहिली. तेवढ्यात गल्लीत बोंब उठली, "आलीऽऽ!" माझ्या फ्रीजरचा प्लग माझ्या पायाशी होता. मी तो उचलला नाही.

इन्व्हर्टर आला त्या दिवशीही मी तिच्यावर इतकी जळले नव्हते. वस्तू नवऱ्याकडून मागून घेता येते. ती जे बोलली ते मला बोलता आलं नसतं. आणि खरं काय ते अल्हाजींना मी आजवर सांगितलेलं नाही.