पाहुण्याच्या ताटात माशाचं डोकं

आमच्या पाड्यात पाहुण्याला माशाचं डोकं वाढतात. घरात मासा एकच असला तरी डोकं पाहुण्याचं, मग घरच्यांच्या वाट्याला नुसता रस्सा का येईना. या रिवाजानं एकदा आमच्यावर अशी वेळ आणली की आठवलं की मला हसू येतं आणि वाईटही वाटतं.

आमचा पाडा मुरबाड तालुक्यात, काळू नदीच्या वर. नदीच्या वळणावर खोल डोह आहे. जमीन कुणाच्याच नावावर नाही, त्यामुळे दिवाळी झाली की वीटभट्टीचा ट्रक यायचा आणि मी नि नवरा त्यात बसून जायचो, ते पावसाच्या तोंडावरच परतायचो. लेक मागे राहायची माझ्या सासऱ्यांजवळ. ती निरोप द्यायला कधी आली नाही. ट्रकचा हॉर्न वाजला की डोहावर पळायची आणि रस्त्याकडे पाठ करून बसायची. जाताना मला तेवढी पाठ दिसायची. भट्टीवर विटा थापताना मी कितीदा तरी त्या पाठीवरून मनातल्या मनात हात फिरवला असेल.

एका दसऱ्यानंतर नवऱ्याच्या ओळखीनं कल्याणचा एक माणूस गळ टाकायला आला. समुद्रकाठच्या एका गावातही तो अशी हौशी माणसं नेतो म्हणाला. मासा धरायचा, डोळे भरून बघायचा आणि परत पाण्यात सोडायचा. पाहुणे येत राहावेत म्हणून तिथले कोळी आता लहान मासोळी जाळ्यात आली तर सोडून देतात, असंही सांगत होता. आम्ही मान डोलावली. सोडायला मासा धरतात यावर आमचा विश्वास काडीचा नव्हता.

सकाळी त्याच्या गळाला खडस मासा लागला. सोनेरी खवल्यांचा, हातभर लांब. त्यानं फोटो काढला आणि मासा अलगद पाण्यात ठेवला. सासरे काठावर उभे होते. त्यांना वाटलं, बिचाऱ्याच्या हातून निसटला आणि आता लाजेनं हसतोय. पाहुणा आपल्या दारी येऊन रिकाम्या हातानं जाणार, हे त्यांच्या जिवाला लागलं. दमलेला मासा कुठल्या कपारीत जाऊन बसतो ते त्यांना माहीत होतं. दुपारी तो त्यांनी हातानं धरून आणला.

मी चिंच-लसूण घालून झणझणीत रस्सा केला आणि डोकं पाहुण्याच्या ताटात वाढलं. त्यानं घास घेता घेता माशाच्या ओठावरची गळाची खूण पाहिली आणि त्याचा हात थांबला.

"हा सकाळचाच ना?"

"तोच तो!" सासऱ्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "तुमच्या हातनं निसटला ना, मंग आमी धरला. जेवा हो, लाजू नका."

तो जेवला. ताटात काही टाकलं नाही, एवढं त्याच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. हात धुतल्यावर त्यानं विचारलं, "बाबा, असे मोठे किती उरलेत डोहात?"

सासऱ्यांनी डोहाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ह्योच एक होता."

सासऱ्यांचं पडलेलं तोंड मला सोसवेना. मी त्या माणसावरच उखडले. म्हटलं, "आमी मारतो ते खायला मारतो. भूक नसताना त्याचं तोंड फाडायचं नि सोडायचं, ही कसली माया?" त्यानं वाद घातला नाही. आपल्या गळाचा उलटा काटा ठोकून बसवलेला दाखवला, म्हणजे सोडवताना मासा कमी फाटतो. "पण दुखत असेलच, वहिनी," म्हणाला. त्या एका वाक्यानं तो मला बरा वाटला.

वैशाखात डोह आटला की आमच्याकडे गेळाची फळं कुटून पाण्यात टाकतात. मासे गुंगून वर येतात आणि अख्खा पाडा टोपल्या भरून नेतो. पहिली मूठ टाकण्याचा मान सासऱ्यांचा. त्या वर्षी त्यांनी मूठच उचलली नाही. "वरच्या खळग्यांत मारा, डोहात नाय," म्हणून डोहाच्या वाटेवर आडवे बसले. आम्ही भट्टीवर होतो, फोनवर कळलं. चुलतघराण्यानं बोलणं टाकलं. बायका चेष्टा करत, म्हातारा डोहाचा देव झाला, आता नारळ वाहा! सासरे म्हणत, "वाहा की, खोबरं मी खाईन."

असे दोन पावसाळे गेले. अधूनमधून एखाददुसरा पाहुणा पैसे देऊन गळ टाकायला यायचा, पण त्यावर घर चालत नव्हतं, म्हणून ट्रक काही चुकला नाही. मग यंदा दसऱ्याला तोच कल्याणचा पाहुणा आणखी माणसं घेऊन आला. नवरा त्यांना काठानं फिरवू लागला, आम्ही चार घरं मिळून जेवणाचं पाहू लागलो. चुलतघराण्यातली जाऊ भाकऱ्या थापायला आली आणि आपोआप बोलूही लागली.

पाहुण्याच्या गळाला पुन्हा खडस लागला. मागच्याइतका मोठा नव्हे, पण तसाच सोनेरी. त्यानं सासऱ्यांना हाक मारली, "बाबा, तुम्ही सोडा." सासरे गुडघाभर पाण्यात उतरले, मासा दोन्ही हातांत धरला, आणि हात काही उघडेनात.

"आख्खा जल्म ह्ये हात मिटायलाच शिकले," ते म्हणाले. मग बोटं सैल झाली. मासा क्षणभर तिथंच राहिला आणि गेला. "जा गो, लेकुरवाळी हो," सासरे पाण्याकडे बघत म्हणाले. माझे डोळे भरून आले.

जेवायला अंड्याचं कालवण होतं. पण पाहुण्याच्या ताटात डोकं नाही, हे सासऱ्यांना काही केल्या पचेना. शेवटी त्यांनी चुलीत भाजलेल्या सुक्या बोंबलाचं डोकं त्याच्या ताटात ठेवलं. पाहुण्याला हसून हसून ठसका लागला.

होळीपर्यंत अशीच पैसे देणारी माणसं येत राहणार असं ठरलं. दिवाळी झाली आणि खालच्या रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. नवरा खाली जाऊन "आमी नाय येत" सांगून आला. बाकीची घरं चढली, ट्रक गेला. मी भांडी घासत होते. लेक कुठं दिसेना तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिला आम्ही सांगितलं होतं, पण तिचा विश्वास बसला नसावा.

ती डोहावर होती. पाय पाण्यात सोडून, रस्त्याकडे पाठ करून. मी अगदी जवळ गेले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. ती दचकून वळली, आणि मला बघून आधी तिला रडूच फुटलं.

"रडतेस काय गो," मी म्हटलं, "चल घरी, आमी गेलो नाय."