पनी म्हणजे काम

माझी सून तेलंगणातल्या आमच्या गावच्या मराठी शाळेची हेडमास्तर झाली तेव्हा माझी मान ताठ झाली. मी स्वतः दुसरीतच शाळा सोडलेला माणूस. पण थोड्याच दिवसांत ती म्हणायला लागली, "मामाजी, मी चार्ज परत देते. आदिलाबादले हेडमास्तर लोकाइचं ट्रेनिंग हाय, शाळा कशी चालवाची त्याचं. समदं तेलुगूत. शेवटच्या दिवशी सगळ्याइपुढं बोला लागते. माई फजिती होईल."

"काऊन होईल? मी येतो संगं."

"तुमी येऊन काय करसान?"

"बसून राहीन. तू पळू नये म्हणून."

ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकानं एक पालक आणायचा होता. नातू तिच्याच शाळेत, म्हणून मीच पालक. धुतलेलं धोतर नेसून पहिल्या रांगेत बसलो. मागं बसा म्हणाले, उठलो नाही.

शिकवणाऱ्या साहेबानं तिला विचारलं, "मी बडिलो मोदटि पनि एंटि?" म्हणजे तुमच्या शाळेतलं पहिलं काम कोणतं? पनी म्हणजे काम, हे आमच्या सीमेवरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण घाबरलेल्या माणसाच्या कानाला आपलीच भाषा ऐकू येते. तिनं ऐकलं, पाणी.

तेलुगूचे तुकडे जोडत ती सांगायला लागली. सकाळी आधी माठ भरते. पहिला गिलास स्वतः पिते. मग रोज वेगळ्या घरचं पोर सगळ्यांना पाणी देतं.

मागून एक जाडा हेडमास्तर ओरडला, "मॅडम, काम पूछा है, पानी नहीं!"

हॉल हसला. तिचा चेहरा उतरला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खुर्ची घट्ट धरून बसलो. उठलो असतो तर तिचं बोलणं माझं झालं असतं.

तिनं पदर खोचला अन् हिंदीत म्हणाली, "सर, गलत सुना मैंने. लेकिन जवाब वही है. मेरे ससुर को स्कूल में ऊपर से पानी डालते थे, दूर से. इसलिए वो दूसरी में स्कूल छोड़ दिए. मेरे स्कूल से पानी के वास्ते कोई बच्चा घर नहीं जाएगा. पहला काम यही है."

ही गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. बायकोनं सांगितली असणार.

पहिली टाळी त्या जाड्या हेडमास्तरनंच वाजवली, मग सगळ्यांनी. साहेब उभे राहिले. मी टाळी वाजवली नाही, मिशीला पीळ देत राहिलो.

परतीच्या बसमध्ये विचारलं, "मंग चार्ज कवा देतं परत?"

"कोणाले देऊ? हाय का कोणी माह्यापेक्षा बरं?"

"नाही," म्हणालो. तेवढ्यात कंडक्टर आला, किती जण म्हणून विचारलं. सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं, "एक हेडमास्तर, अन् एक तिचा सासरा."