आलो त्याच वाटेने

सह्याद्रीत वीस वर्षं भटकलेला माणूस बर्फातलंही आपल्याला सगळं कळतं असं धरून चालतो. मीही तेच करत होतो. आमच्या ट्रेकच्या ग्रुपचा एकच नियम होता: शंका आली की आलो त्याच वाटेने परत फिरायचं. या नियमाने मला दोनदा धुक्यातून सुखरूप घरी आणलं होतं.

गेल्या ऑगस्टात, म्हणजे इथे दक्षिण गोलार्धात ऐन हिवाळ्यात, लेकीबरोबर साउथ आयलंडच्या डोंगरातल्या एका हटमध्ये मुक्कामाला गेलो. ती बावीस वर्षांची, जन्म इथलाच, हिल्सबरोचा. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. बर्फातल्या डोंगरांचा कोर्स तिने केला होता, मी नाही. हट एका सोंडेवर आहे आणि तिथे पोचायला एक मोठा उघडा उतार आडवा ओलांडावा लागतो. शनिवारी आम्ही तो गप्पा मारत ओलांडला. रात्रभर वारा आणि बर्फ. रविवारी उठलो तर आकाश निळंशार, आणि बाहेर गुडघाभर नवा बर्फ.

मी सॅक भरायला घेतली. ती म्हणाली, आज नाही. वाऱ्याने त्या उतारावर बर्फ आणून टाकलाय आणि तो खालच्या थराला धरलेला नाही. मी तिला माझा नियम सांगितला. सोमवारचं ऑफिस सांगितलं. तुझ्या जन्माआधीपासून मी किल्ले चढतोय, हेही ऐकवलं. मग बूट चढवून तरातरा दाराशी गेलो. ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

"बाबा, काल आलो ती वाट आता नाहीये," ती चक्क मराठीत म्हणाली. "तू गेलास तर मी इथे एकटी काय करू?"

मी बूट काढले. पटलं म्हणून नव्हे, तिचा आवाज कापला म्हणून. तिने सॅटेलाइटवरून आईला उशीर होईल असा निरोप पाठवला. मी तोंड फुगवून थालीपिठाची भाजणी भिजवायला बसलो.

दुपारी धप्प असा आवाज आला. खिडकीतून पाहिलं, तर उताराच्या माथ्याशी एक आडवी भेग पडली होती आणि बघता बघता अख्खा उतार खाली ओढ्यात गेला. कालची वाट नेमकी कुठून होती, तेसुद्धा सांगता येईना. हातातला उंडा हातातच राहिला. पोर माझ्या शेजारी उभी होती, धडधाकट. मला रडू फुटलं. इतकं हायसं मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही. तिने पाठीवर थोपटलं आणि थालीपीठ करपतंय म्हणाली.

सोमवारी तिने उतार नीट पाहून होकार दिला, तेव्हाच निघालो. हटच्या वहीत कोण कधी कुठे चाललंय ते लिहायचं असतं. मी पेन घेतलं, तर रविवारची नोंद आधीच होती. मी झोपेत असताना, सकाळीच तिने इंग्रजीत लिहून ठेवलेली: दोघं आहोत, आज उतार ओलांडत नाही, बाबा चिडणार.

मी खाली मराठीत लिहिलं, "बाबा चिडला होता. बाबा जिवंत आहे."