पालीजवळ जीप मागून बसली

८ ऑक्टोबर, बुधवार. काम — जीपच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पाटा वाढवून घेणे. सकाळी नऊ वाजता, बीडमध्ये उस्मानभाईंच्या पाट्याच्या दुकानात.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत. अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची... यातलं काही उंबऱ्याच्या आत आलं नाही. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि प्रत्येकात कुठे घोळ आहे ते नवऱ्याला सांगते. आता माझ्यात कुठे घोळ आहे ते तुम्ही सांगा.

माझं चष्म्यांचं दुकान आहे. डोळे तपासून नंबर मीच काढते. गेल्या वर्षी एक जुनी दोन चाकांची कॅराव्हॅन घेतली, आतले पलंग काढून टाकले, तपासणीची खुर्ची, तक्ता आणि लेन्सची पेटी बसवली. जीपच्या मागे जोडायची आणि खेड्यांत शिबिरं घ्यायची. अडचण एकच — कॅराव्हॅन जोडली की जीप मागून खाली बसायची. तोंड वर, स्टिअरिंग हलकं, आणि प्रत्येक खड्ड्यात हुक रस्त्याला घासायचा.

दुसऱ्या दिवशी शिरूर कासारजवळच्या एका वस्तीवर शिबिर होतं. साठेक बायका येणार होत्या. दिवाळी झाली की त्या ऊसतोडीला जातात आणि थेट उन्हाळ्यात परततात. त्यांतल्या हिराबाईने गेल्या हंगामात कोयता स्वतःच्याच नडगीवर मारून घेतला होता. "लांबचा ऊस दिसतो ताई, हातातला दिसत न्हाई," असं ती मला म्हणाली होती. त्यामुळे हे शिबिर पुढे ढकलण्यासारखं नव्हतंच.

उस्मानभाई टेप वापरत नाहीत. टायर आणि मडगार्डच्या मधल्या जागेत हात आडवा घालतात आणि बोटं मोजतात. कॅराव्हॅन जोडल्यावर चार बोटं भरली.

"तीन-तीन पाटे टाकतो म्याडम. उसाची ट्रॉली वढली तरी दबायची न्हाई."

"ट्रॉली ओढायची नाहीये. मागे काचा आहेत माझ्या. एवढी कडक केली तर दणक्यांनी फुटतील. एकेकच टाका."

"तुमी डोळे तपासा की. पाटे मला तपासू द्या."

"एकेकच."

कुरकुरत टाकला एकेक. परत हात घातला — सहा बोटं. मनासारखं काम झालं.

दुपारी चाचणीसाठी पालीपर्यंत जायचं ठरलं. शेजारच्या सीटवर उस्मानभाई. गाडी सरळ चालली, हुक एकदाही घासला नाही. बिंदुसरा धरणाच्या अलीकडे, एका बाभळीखाली गाडी थांबवली आणि हुक तपासला. बोटं सहा. कॅराव्हॅनला कुलूप. आम्ही दोघंही जीपमध्ये बसलो, आणि मी चावी फिरवणार एवढ्यात जीपचं तोंड हळूच वर आलं... एसटीत मागे कोणी चढल्यावर जाणवतं ना, तसं.

उतरून उस्मानभाईंनी हात घातला. चार बोटं.

मी घाबरले नाही, वैतागले. टायरची हवा बघितली — बरोबर. उस्मानभाईंनी खाली आडवं होऊन पाटे, बोल्ट, हुक सगळं पाहिलं. जागच्या जागी. कुलूप काढलं. आत खुर्ची, पेटी, तक्ता, बाकी काही नाही. कॅराव्हॅन सोडली तर जीप नेहमीच्या उंचीला आली. जोडली की पुन्हा चार. नवा पाटा थोडा दबतो हे मलाही माहीत आहे. पण उभ्या गाडीत, एका दमात, दोन बोटं?

उस्मानभाई लांब जाऊन उभे राहिले. "म्याडम, आत कुनीतरी बसलंय."

"कोण? कुलूप तुमच्यासमोर काढलं."

"दिसलं असतं तर उतरवलं नसतं का? लिंबू आनतो पालीतून. न्हाई तर उद्याचं राहू द्या. बायांना कळलं ना, एक बी पायरी चढायची न्हाई."

ते खरं होतं, आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं. सगळा उन्हाळा मी त्या वस्तीवर खेपा घातल्या होत्या. 'आमाला काय वाचायचंय?' म्हणणाऱ्या बायकांना एकेक करून राजी केलं होतं. ते सगळं एका लिंबावर सोडून द्यायचं?

"बसलंय ना?" मी म्हटलं. "ती खुर्ची डोळे तपासायची आहे. बसलंय तर तपासते. तुम्ही चाकापाशी थांबा आणि बोटं सांगा."

"वेड लागलं का ओ तुमाला?"

"बोटं सांगा!"

आत गेले. दिवा लावला. तपासणीची रिकामी फ्रेम खुर्चीच्या डोकं टेकायच्या उशीला अडकवली. सवयीनेच विचारलं, "कुठलं गाव?" अक्षरओळख नसलेल्या बायकांची जवळची नजर तपासायला मी सुई-दोरा ठेवते. तो खुर्चीच्या हातावर ठेवला. प्लस एकची काच लावली.

"उस्मानभाई, किती?"

"चार!"

दीड. "चारच!"

दोन. मग — "पाच... म्याडम, पाच!"

अडीच. या वेळी पायाखालची फळी किंचित उचलल्यासारखी मलाही वाटली.

"सहा! या अल्ला... सहा झाली!"

मी मुद्दाम तीनची लावली. नंबर पक्का करायचा तर एक पायरी पुढे जाऊन बघावंच लागतं.

"पाच झाली! काय करताय ओ आत? व्हती ती बरी व्हती!"

परत अडीच. सहा.

मी कार्ड काढलं. नावाची जागा कोरी सोडून दोन्ही डोळ्यांपुढे जवळचा नंबर लिहिला — प्लस अडीच. "झालं," मी खुर्चीला म्हटलं, "सावकाश उतरा, पायरी उंच आहे." फ्रेम काढून घेतली, कुलूप लावलं. पुन्हा मोजलं, बोटं सहाच. बीडपर्यंत सहाच राहिली.

नवरा म्हणतो, मी आत मागे-पुढे सरकले असेन, त्याने वजन बदललं. मी पंचाहत्तर किलोची बाई खुर्चीशेजारी एकाच जागी उभी होते. पेटी हाताशीच असते. आणि मी आत असताना जीप वर उचलली गेली, त्याचं काय? संध्याकाळी उस्मानभाईंनी दोन्ही बाजूंचे पाटे सोडून एकेक तपासला. ना चीर, ना वाकलेला बोल्ट. इंजिनिअर असलेल्या भाच्याला फोन केला, तो म्हणाला, "मावशी, बोटं हे काय माप आहे का?" बरोबर आहे त्याचं. पण तीच बोटं सकाळी चालली, संध्याकाळी चालली. मग दुपारीच काय झालं होतं त्यांना? माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. कोणी दिलं तर आनंदाने घेईन. भूत मात्र मी अजूनही मानत नाही. जे मोजलं तेवढंच सांगितलं. कार्ड फाडलं नाही, बाकीच्या कार्डांबरोबर फायलीत लावलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कॅराव्हॅन जोडली आणि एकटीच निघाले. वस्तीवर पोचले तर बायका आल्या होत्या, पण दहा पावलं लांब घोळका करून उभ्या. उस्मानभाईंच्या पोटात काही राहत नाही. गोष्ट माझ्याआधी शिरूरला पोचली होती.

हिराबाई पुढे झाली. "ताई, गाडीत कुनी हाय म्हनं?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण साठ बायकांना खोटं सांगून आत बसवायचं, हे माझ्या हातून होणार नव्हतं.

"काल होतं," मी म्हटलं. "डोळे तपासून गेलं."

"अगं बया!" मागून कोणीतरी म्हणालं.

"भ्या न्हाई वाटलं तुमाला?"

"राग आला. उद्या शिबिर, आणि हे मध्येच येऊन बसलेलं."

दोघी-तिघी फिसकन हसल्या. हिराबाई हसली नाही. पायरीकडे बघत राहिली.

"मंग दिसाया लागलं का त्याला?"

"लागलं असावं. उठून गेलं."

"मंग मला बी लागंल," ती म्हणाली, चपला काढल्या आणि आत चढली. मी तिच्यामागून गेले आणि दिवा लावला.