दुसरी शिट्टी होईपर्यंत

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेल्या महिन्यात पुनावळ्यातल्या आमच्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटला आग लागली नाही. साधा धूरही झाला नाही. तरीही त्या रविवारी आम्ही चौघं घर सोडून खाली पळालो. त्यातलं एक माणूस खुर्चीतून.

याचं कारण मी. चाकणच्या कंपनीत अठरा वर्षं मी सेफ्टी कमिटीवर आहे. आमच्याकडं अधूनमधून मॉक ड्रिल होतं. सायरन वाजला की सगळे हिरव्या पाटीखाली जमतात, डोकी मोजली जातात. एक जण जखमी बनून स्ट्रेचरवर निपचित पडतो, तो सगळं संपल्याची खूण होईपर्यंत. (या भूमिकेसाठी भांडणं होतात. पगारी झोप कुणाला नको?) माणूस आधीच तयार असला की त्याची भीती निम्मी होते, असं माझं ठाम मत आहे. उरलेली निम्मी घरच्यांच्या वाट्याला येते, असं बायकोचं.

आता सुनंदा स्वतः वर्षाचं तिखट, पापड, सांडगे भरून ठेवते. उद्या जग बुडालं तरी आम्ही आठ महिने सांडगे खात तरंगू! पण तो संसार. आणि मी दाराशी टॉर्च, औषधं, कागदपत्रं, जादा किल्ल्या घालून एक पिशवी ठेवली, तर ती थेरं!

आमच्या केतकीनं लग्न स्वतःच ठरवलं होतं. मुलाचे आईवडील त्या रविवारी अकराला साताऱ्याहून पहिल्यांदाच घर बघायला येणार होते. त्यांचा होकार तेवढा बाकी होता. आणि मी दहा वाजता गळ्यात शिट्टी अडकवली.

"आज?" कोशिंबिरीसाठी बीट किसता किसता सुनंदानं विचारलं.

"आणीबाणी काय वेळ ठरवून येते?"

"पाहुणे येतात ना वेळ ठरवून."

"बाबा, एक दिवस तरी कंपनीतून पूर्ण घरी या," केतकी म्हणाली.

जखमी व्हायला मात्र एक माणूस आनंदानं तयार होतं. कुरुळीहून चार दिवस राहायला आलेली माझी आई, आक्का.

"मला काय करायचं हाय?"

"डोळे मिटून पडायचं. कुणी काही विचारलं तरी बोलायचं नाही. मी दुसरी शिट्टी वाजवली की उठायचं."

"आन् कन्हायचं का न्हाई?"

"थोडं."

"जमंल."

तिच्या डोक्याला पट्टी बांधून मी वर बिटाचा रस शिंपडला. आक्कानं आरशात बघितलं आणि अजून थोडा मागितला.

पहिली शिट्टी! सुनंदा गॅस बंद करून गाऊनवरच निघाली. ड्रिलमध्ये लिफ्ट वापरायची नसते, म्हणून आक्काला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही जिन्यानं निघालो. पुढून केतकी, मागून मी. चौथ्या मजल्यावर माझा दम गेला, दुसऱ्यावर कंबर. आक्काचं कन्हणं मात्र मजल्यागणिक खुलत होतं. पार्किंगमध्ये मी आदल्या दिवशी हिरवी पाटी चिकटवली होती. तिच्याखाली खुर्ची टेकवून मी डोकी मोजली. चार! आता नुसती दुसरी शिट्टी...

"किल्ली?" सुनंदानं अगदी शांतपणे विचारलं.

दार वाऱ्यानं ओढलं जाऊन लॅच लागलं होतं. जादा किल्ल्या पिशवीत. पिशवी आणायची जबाबदारी केतकीची, आणि केतकीच्या हातात आक्का!

तेवढ्यात एक पांढरी गाडी आत आली, चालवायला खुद्द मुलगा. घाटात ट्रॅफिक लागेल म्हणून पाहुणे साताऱ्याहून तासभर आधीच निघाले होते. (तयारीची माणसं! मला तिथंच आवडली.)

"अरे, आजींना काय झालं?" मुलाचे वडील धावत आले.

मी तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. त्यांनी वाट बघितली नाही. बापलेकांनी आक्काला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. "पिंपरीला, मोठ्या हॉस्पिटलात घे."

"अहो, त्या बऱ्या आहेत. बीट आहे ते," सुनंदा म्हणाली.

"वहिनी, तुम्ही आधी पाणी प्या," ते हळुवारपणे म्हणाले.

"आक्का, ऊठ ना गं," केतकी काकुळतीला आली.

आक्का तिप्पट कन्हली. शब्दाची पक्की बाई! गाडी निघाली. मागून मी, तोंडात शिट्टी. फुंकत होतो, पण शिट्टीतून फक्त थुंकी उडत होती. मी चोराच्या मागं लागलोय असं वाटून वॉचमननं गेट लावलं, म्हणून गाडी थांबली. बॉनेटला टेकून मी कसाबसा श्वास गोळा केला आणि शिट्टी वाजवली.

मागच्या सीटवर आक्का ताडकन उठून बसली. "झालं व्हय?"

शेजारी बसलेल्या मुलाच्या आईची किंकाळी वरच्या मजल्यांपर्यंत गेली. गॅलऱ्या भरल्या. ड्रिलला इतकी उपस्थिती मला कंपनीतही कधी लाभली नव्हती.

लॅच उघडणारा पिंपरीहून येईपर्यंत पाहुण्यांचा कार्यक्रम हिरव्या पाटीखालीच झाला. चहा वॉचमनचा. मी मॉक ड्रिलचं महत्त्व सविस्तर समजावून सांगितलं. केतकी जमिनीकडं बघत होती. पोरीचं जमत आलेलं लग्न मी स्वतःच्या हातांनी मोडलं, हे आता मलाही कळत होतं.

मुलाच्या आईनं एकदा आक्काच्या पट्टीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग उठून त्यांनी केतकीचा हात घट्ट धरला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, जवळातला जवळचा मुहूर्त काढा. पोरीला या घरात जास्त दिवस ठेवणं सेफ नाही."