आठव्या ओळीतली हिरवी साडी

इसम नामे केशव नारायण पुराणिक, वय वर्षे बहात्तर, निवृत्त भूमापक, राहणार बारामती, घर स्वतःचे, वरचा मजला रिकामा. उंची पाच फूट पाच इंच, बांधा सडपातळ, दृष्टी चष्म्यासह उत्तम. सेवाकाल चौतीस वर्षे. सेवाकालात स्वतः उकरून पाहिल्याखेरीज एकाही हद्दीच्या दगडाची नोंद घेतली नाही. ‘दगड हितंच हुता’ अशा तोंडी सांगण्यावर कधी विसंबला नाही. सबब सदर इसमाने ओळखलेली खूण ही खूणच समजावी, असा शेरा तीन वरिष्ठांनी तीन वेगवेगळ्या साली दिलेला आहे.

या शेऱ्यांच्या जोरावर केशवराव निवृत्तीनंतरही तालुक्यात मानले जात. बांधाचं भांडण कोर्टात नेण्याआधी शहाणी माणसं त्यांना बोलवून घेत. ते फीत, जुना नकाशा आणि पाण्याची बाटली घेऊन एसटीने जात, दगड दाखवत आणि परत येत. घरी विचारणारं कुणी नव्हतं. पत्नी मंदाकिनीबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा पुष्कर आणि सून स्वरदा पुण्यात.

मंदाकिनीबाई गेल्यावर चौथ्या महिन्यात स्वरदाने विचारलं होतं, “बाबा, आईंच्या साड्यांचं काय करायचं?” केशवराव पेपर वाचत होते. ते “हं” म्हणाले. या ‘हं’च्या आधारे चांगल्या साड्या नात्यातल्या बायकांकडे गेल्या आणि उरलेल्या बोहारणीकडे. बदल्यात दोन स्टीलचे डबे आणि एक कढई घरात आली. कढई अजून नवीच आहे. केशवरावांना खाणावळीचा डबा येतो.

यंदाच्या एप्रिलात अंथुर्ण्याच्या दिग्विजयने त्यांना बोलावलं. त्याची डाळिंबाची बाग आणि शेजारच्या दादासाहेबाचा ऊस, मध्ये दोन हात रुंदीचा बांध आणि तीन वर्षांचा अबोला. केशवराव बागेत शिरले आणि थबकले. झाडंच्या झाडं साड्या नेसून उभी होती. उन्हानं फळाला चट्टा पडू नये म्हणून हल्ली सगळेच बागाईतदार जुन्या साड्या झाडांवर पांघरतात. केशवरावांनी हे एसटीच्या खिडकीतून शंभरदा पाहिलेलं होतं. आत उभं राहून पाहणं वेगळं होतं. लाल, पिवळ्या, फुलाफुलांच्या, मळलेल्या. लग्नाच्या पंगतीतून एकाएकी आवाज काढून घ्यावा तसं दिसत होतं.

आठव्या ओळीत पाचव्या झाडावर हिरवी साडी होती. नकाशात झाडी दाखवायला वापरतात तो हिरवा, आणि काठ विटकरी.

मंदाकिनीबाईंच्या साड्यांपैकी केशवरावांना एकच ओळखता आली असती, ती हीच. कारण तिच्यावर त्यांनी स्वतः डाग पाडला होता. नकाशा रंगवताना निळ्या शाईची दौत कलंडली आणि पदराच्या टोकाला रुपयाएवढा डाग पडला. बाई म्हणाल्या होत्या, “नकाशात नदी काढायची होती ना, मग माझ्यावर कशाला?” तेवढंच. त्यानंतर डाग आत दुमडून त्या ती साडी नेसत राहिल्या.

“साड्या कुठून आणता?” केशवरावांनी फीत गुंडाळत विचारलं.

“गाडीवाला टाकतो आणून, किलोवर,” दिग्विजय म्हणाला. “सुरतंस्नं येत्यात म्हणं गठ्ठे. काई बारामतीच्या भांडीवाल्यांकडनं.”

सुरत केशवरावांना ऐकू आली नाही.

मोजणी त्याच दिवशी संपली. दगड सापडला, दिग्विजयने चार बोटं सोडली, दादासाहेबाने चार बोटं सोडली. पण पुढच्या गुरुवारी केशवराव पुन्हा अंथुर्ण्यात हजर. एक कोन तपासायचा राहिला म्हणाले. त्याच्या पुढच्या गुरुवारी उतारा जुळवायचा होता. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी कारण सांगितलंच नाही.

“सायेब, आता बास करा,” दिग्विजय हसत म्हणाला. “दादासाहेबाला वाटाया लागलंय, आमी तुमाला फितवलंय.”

बागेच्या कडेला दिग्विजयची आई सिंधुबाई वाळलेलं गवत कापत बसायची. केशवराव फीत लावून आठव्या ओळीपर्यंत जातात आणि तिथं फीत खाली ठेवून नुसते उभे राहतात, हे तिनं पहिल्या दिवशीच टिपलं होतं. डाग पाहायचा तर पदराचं टोक सोडावं लागणार होतं, आणि ते फांदीखाली सुतळीनं बांधलेलं होतं. केशवरावांचा हात सुतळीपर्यंत जाई आणि परत येई. परक्याच्या झाडावरून साडी मागायची, म्हणजे काय म्हणून मागायची? आणि सोडून पाहिली, आणि डाग नसला तर?

मे संपता संपता सिंधुबाई म्हणाली, “आईतवारी यापारी येनार हाय, सायेब. तोडनी.”

“मग या साड्यांचं?”

“काय करायचंय? चिरगुटं झाली ती. धडक्या हायत्या त्या कडब्यावर. बाकीच्या पेटवायच्या.”

केशवरावांनी आठव्या ओळीकडे पाहिलं. सिंधुबाईने विळा ठेवला.

“कंची पायजे?”

“अं?”

“आवो, दीड म्हैना बघतीय मी. झाडापुढं असं हुबं ऱ्हातंय व्हय कुनी? कंची, ती हिरवी?”

“आमच्या घरातली आहे,” केशवराव म्हणाले. आवाज खात्यातलाच होता. “चुकून आली असावी.”

सिंधुबाई विळा घेऊन उठली, आठव्या ओळीत गेली, सुतळी तोडली आणि साडी ओढून घेतली. धूळ उडाली. सवयीने तिनं साडीचा खालचा काठ बोटांत धरून सरकवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“हिला फॉल न्हाय, सायेब.”

“म्हणजे?”

“म्हंजी नेसलेलीच न्हाय कुनी. लावल्याली टिप बी न्हाय, उसावल्याली बी न्हाय. गिरनीतनं निघाली ती थेट झाडाव आली.”

“काढला असेल तिनं. दुसऱ्या साडीला लावायला. काटकसरी होती.”

“असंल,” सिंधुबाई म्हणाली.

केशवरावांनी पदराचं टोक शोधलं. चष्मा पुसला, उजेडाकडे धरलं. डाग होता. निळा, रुपयाएवढा. त्यांनी तो सिंधुबाईला दाखवला, जमिनीतून उकरलेला दगड दोन्ही पक्षकारांना दाखवावा तसा.

सिंधुबाईने डाग पाहिला. शेजारच्या झाडावरच्या पिवळ्या साडीवर तसे सात-आठ होते, त्याच्या पलीकडच्या साडीवर त्याहून जास्त. पावसाळ्याआधी मोरचूद आणि चुन्याची फवारणी झाली की बागेतल्या प्रत्येक फडक्यावर ते उठतात. तिच्या स्वतःच्या लुगड्यावरही होते.

“व्हय,” ती म्हणाली. “हाय खरा डाग. थांबा, पिशवी देती.”

घरी आल्यावर केशवरावांनी साडी बादलीत भिजवली, तीन पाण्यांतून काढली आणि गच्चीवर वाळत घातली. दोन वर्षांत त्या दोरीवर बनियन आणि धोतराखेरीज काही पडलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी तिची घडी घातली. जमली नाही. पुन्हा घातली. मग मंदाकिनीबाईंच्या कपाटातल्या मधल्या खणात ती ठेवली आणि पुण्याला फोन लावला. पुष्कर मीटिंगमध्ये होता. स्वरदाने घेतला.

“काय बाबा, तब्येत बरी ना?”

“बरी आहे. एक विचारायचं होतं. हिची ती हिरवी साडी, विटकरी काठाची. शाईचा डाग पडलेली. तू बोहारणीला दिली होतीस ना?”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. स्वरदाने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

“का हो बाबा?”

“सापडली. अंथुर्ण्यात, एका बागेत. आणलीय मी.”

केशवरावांना वाटलं, लाइन गेली.

“हॅलो?”

“आहे, बाबा. हो. दिली असेन मी. त्यात असेल तीही.”

“तेच म्हटलं. खात्री करून घेतलेली बरी.”

“कपाटात ठेवलीत?”

“मधल्या खणात.”

“छान केलंत. जेवलात का?”

“डबा आलाय.”

“मग जेवा. शनिवारी येतो आम्ही.”

फोन ठेवून केशवराव जेवायला बसले. भाजी दोडक्याची होती. कपाटाचं दार त्यांनी उघडंच ठेवलं होतं.

मंदाकिनीबाई गेल्या त्या सकाळी जमलेल्या बायका म्हणाल्या होत्या की सवाष्ण गेलीय, हिरवी साडी नेसवायला हवी, आणि केशवरावांनी ती विटकरी काठाची साडी स्वतःच्या हातांनी कपाटातून काढून दिली होती.